मंडईतला मिल्टन

इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास मी एकतीस वर्षे शिकवला. शिकवला म्हणजे उतरवून दिला. एलिझाबेथन, प्युरिटन, रेस्टोरेशन, ऑगस्टन, रोमँटिक, व्हिक्टोरियन ही नावे मला पुणे-मुंबई लाइनीवरच्या स्टेशनांसारखी पाठ होती. गाडीत कोण बसले आहे, हे मुलांनी कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. याची लाज मला वाटली ती महात्मा फुले मंडईत, वांग्यांच्या ढिगासमोर.

नेहमीच्या गाळ्यावर मावशींची मुलगी मांडीवर कागद घेऊन बसली होती. बी. ए. च्या त्याच पेपरात ती दोनदा नापास झालेली. मावशी म्हणाल्या, "मास्तर, औंदा पास झाली तर बरं, नाहीतर इथंच तागडी धरायची." मी कागद पाहिले. प्रतीवरून प्रत काढून पुसट झालेली, पण टिपणे माझीच होती!

"पाठ आहे सर," मुलगी म्हणाली, "पण लिहिताना शतकं सरकतात. ही माणसं उभी कुठं करायची?"

मी सहज विचारले, "तुकोबांचा जन्म कधीचा?"

"सोळाशे आठ." मावशी दर आषाढात वारीला जाणाऱ्या, घरात हे विचारावे लागत नाही.

"समर्थांचाही तोच. आणि मिल्टनचाही १६०८ चाच. तो वारला १६७४ साली. त्या वर्षी रायगडावर काय झाले?"

"राज्याभिषेक!" मुलीने पेन्सिल काढली.

मग माणसे आपापल्या जागी येऊन बसू लागली. ज्ञानेश्वरी १२९० ची; चॉसरने कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या कथा लिहायला घेतल्या त्या जवळजवळ शंभर वर्षांनी. नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली १५८४ साली, तेव्हा शेक्सपिअर वीस वर्षांचा होता. ऑगस्टनांच्या उतारावरचा डॉ. जॉन्सन आणि आपले मोरोपंत समकालीन. वर्ड्स्वर्थ आणि कोलरिज यांचा संग्रह १७९८ चा. त्या वेळी पेशवाईच्या गादीवर दुसरा बाजीराव होता आणि होनाजी बाळा लावण्या रचीत होते.

"पण सर, एलिझाबेथ राणी १६०३ ला वारली. मॅकबेथ तर त्यानंतरचं. मग शेक्सपिअर एलिझाबेथन कसा?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी घसा साफ करीत होतो, तोवर मावशींनीच पावशेर मिरच्या तोलता तोलता उत्तर दिले, "अगं, हंगाम काय सनावळी बघून संपतो व्हय? पावटा सरत आला तरी गाळ्यावर असतोच की!"

यापेक्षा चांगले मला सांगता आले नसते. काळांची ही नावे बहुतेक मागाहून ठेवलेली. लिहिणाऱ्याला आपण कोणत्या काळात बसलो आहोत, याचा पत्ता नसतो.

"आणि व्हिक्टोरियन?" मुलीने विचारले.

"वर बघ." वर तो अष्टकोनी मनोरा. शनिवारवाड्यासमोरचा उघड्यावरचा बाजार १८८६ साली या इमारतीत आला, तो गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव घेऊन. त्याच वर्षी टॉमस हार्डीची 'द मेयर ऑफ कास्टरब्रिज' पुस्तकरूपाने निघाली. तीही बाजारपेठेच्या गावातली, गवत आणि धान्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट. पुढे ज्यांचे नाव मंडईला मिळाले, त्या जोतीरावांनी पुण्याच्या नगरपालिकेत असताना या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, हे त्यांचे म्हणणे.

मावशी ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मुलीच्या हातातली तागडी काढून घेतली. "परीक्षेपर्यंत राहू दे," एवढेच म्हणाल्या. परीक्षेनंतरचे त्या बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.

निघताना मी म्हणालो, "ती टिपणे मला परत दे. फाडून टाकतो."

"राहू द्या सर," ती म्हणाली, "मागची बाजू कोरी आहे."

आणि तिने तिथे उभी रेघ मारून दोन रकाने पाडले. मी मेथीची जुडी घेतली आणि पैसे द्यायचे विसरून घरी आलो. दुसऱ्या दिवशी मावशींनी बरोबर आठवण केली.