सकाळी मूठ वळत नसेल तर



या सदरात मी बहुधा बियाणे, खते आणि किडींबद्दल लिहितो. आज हातांबद्दल लिहिणार आहे. मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण हे दुखणे आमच्या घरात बरीच वर्षे आहे. सुरुवातीला आम्ही ज्या चुका केल्या त्या तुमच्या घरी होऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

जामखेडकडे रब्बीची ज्वारी पुष्कळजण हाताने उपटतात. एका वर्षी ऐन काढणीत आमच्या वहिनी सारख्या मागे पडू लागल्या. आधी कोणी बोलले नाही, मग बायका कुजबुजू लागल्या की ही काम चुकवते. शेवटी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी मूठच वळत नाही. ऊन अंगणात आलं की मग कुठं बोटं सुटतात." वय पस्तीस. दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजलेली.

आम्ही काय केले? वात झाला असे ठरवून वांगी, बटाटे, हरभरा बंद केला. कोणी दही बंद करायला सांगितले. कोणी युरिक ॲसिडचे नाव काढले, म्हणून डाळही गेली. राहिली भाकरी आणि मीठ-मिरची. वहिनी हडकल्या, अंगात रक्त राहिले नाही. मग एकाकडून सुई सुरू झाली. सुई घेतली की माणूस पळायला लागायचे, आठवडा गेला की पुन्हा अंथरुणाला. तोंड मात्र सुजत चालले. ती स्टेरॉइडची सुई होती हे पुढे कळले. या सगळ्यात दोन वर्षे गेली.

पान पिवळे पडले म्हणून आपण डोळे मिटून युरिया टाकतो का? नत्र कमी असेल, मुळाशी पाणी साचले असेल, किंवा रोगही असेल. सांध्यांचेही तसेच आहे. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा झिजतो, तो चालल्यावर दुखतो आणि बसले की बरे वाटते. युरिक ॲसिडचा सांधा बहुधा एकाएकी ठणकतो, पुष्कळदा पायाच्या अंगठ्याला. चिकुनगुन्याचा ताप गेल्यावरही सांधे महिनोन्महिने धरतात. पण हाताचे लहान सांधे, मनगटे, दोन्हीकडे सारखी सुजली, सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा जास्त राहिला आणि असे सहा आठवडे चालले, तर तो रुमॅटॉइड संधिवात असू शकतो. जुनी माणसे आमवात म्हणतात. यात शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते आणि सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पट अधिक होतो. नुकसान पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच सुरू होते, म्हणून "बघू, सुगी झाल्यावर जाऊ" असे म्हणू नका.

आमच्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. अशी जाणती बाई किंवा आशाताई आज गावोगाव आहे. तिला हात दाखवा. ती योग्य डॉक्टरांकडे धाडील.

वहिनींना पुढे मेथोट्रेक्सेट सुरू झाले. हे औषध या आजारासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जीवावर बेतते. आम्ही बाजाराचा दिवस ठरवून टाकला, म्हणजे विसर नको. सोबत फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ततपासणी. दारू वर्ज्य. मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर हे औषध चालत नाही, डॉक्टरांना तसे आधी सांगावे.

आता खाणे. खाण्याने हा आजार मुळापासून जात नाही, तसे सांगणाऱ्यापासून लांब राहा. पण उपाशी अंग औषधालाही साथ देत नाही. आपल्या घरात आहे तेच पुरते: ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, शेवग्याचा पाला, तिळाची आणि जवसाची चटणी, ताक. चालत असेल तर अंडी, मासळी. जवसात आणि मासळीत असलेली चरबी सूज उतरायला थोडी मदत करते. हळद भाजीत घालतोच, तेवढी पुरे. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी त्रास होतोच, असे दिसले तर तेवढाच सोडा, उगाच पाच-सहा नव्हेत. तळण आणि साखर कमी करा, वजन वाढले तर गुडघ्यांवर भार पडतो. विडी सोडा, धुराने हा आजार बळावतो. मिश्रीही सोडलेली बरी.

सकाळी उठल्याबरोबर झाडू हातात घेऊ नये. कोमट पाण्यात दहा मिनिटे हात ठेवून बोटे हळूहळू उघडझाप करावीत. सूज असेल तेव्हा सांध्याला विसावा, उतरली की चालणे-फिरणे, अगदी बसून राहणेही वाईटच. कपडे पिळताना मनगट मुरगळू नये, नळाला अडकवून पिळावेत. घागर एका हाताने उचलण्याऐवजी लहान कळशी दोन्ही हातांनी घ्यावी. खुरप्याच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली की बोटे फार आवळावी लागत नाहीत. ही युक्ती माझी, आणि वहिनींनी पास केलेली.

त्यांची दोन बोटे तिरकी झाली ती तशीच आहेत, बाकीची वाचली. ज्वारीची उकड काढून भाकरी थापतात, थकल्या की सुनेला बसवतात. उपटणीला मात्र आम्ही मजूर लावतो, आणि शेजारीण विचारते तेव्हा भाऊ मोठ्याने सांगतो, तिला दुखणं आहे.