निकाल रद्द, फेरा चालू

अमेरिकेत अपंगत्व भत्ता नाकारला गेलेला माणूस संघीय न्यायालयात जिंकतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हाती भत्ता पडत नाही. पडतो तो फेरसुनावणीचा हुकूम. सामाजिक सुरक्षा खात्याचा निकाल सदोष, सबब रद्द, प्रकरण परत. परत कुठे? पहिल्या खेपेला सहसा ज्याने अर्ज फेटाळला, त्याच प्रशासकीय न्यायाधीशापुढे. पहिले पाढे पंचावन्न!

न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही, निकालाला पुराव्याचा पुरेसा आधार आहे का एवढेच पाहते. हा आधार किती बारीक असलेला चालतो, ते सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली दाखवून दिले. अर्जदार बांधकामावर राबलेला सुतार. रोजगारतज्ज्ञ बाईंनी साक्षीत सांगितले, की याला झेपतील अशी माल निवडण्याची 1,20,000 आणि सुटे भाग जोडण्याची 2,40,000 कामे देशात आहेत. आकडे कुठले, वकिलाने विचारले. काही सरकारी, काही माझ्या पाहण्यांतले. मग त्या पाहण्या दाखवा, हवी तर माणसांची नावे खोडा. कागद मागवणार नाही, असे सांगून न्यायाधीशाने विषय तिथेच तोडला. सहा विरुद्ध तीन मतांनी हेही चालले.

इतक्या सैल कसोटीलाही जो निकाल उतरत नाही, तो किती भोंगळ असेल! (बदाम-अक्रोड निवडण्याची नोकरी दाखवून माणसांना धडधाकट ठरवणारे हे खाते. 1991 नंतर हात न लागलेल्या व्यवसायकोशातली असली 114 कामे त्याने 2024 मध्ये एकदाची बाजूला ठेवली.) तरीही त्याच खात्याला कारणे नीट लिहिण्याची आणखी एक संधी मिळते. वास्तविक प्रकरण परत न पाठवताही निकाल फिरवण्याची मुभा कायद्यातच आहे. पश्चिमेकडच्या नवव्या सर्किट न्यायालयाने तशी रीतही बसवली आहे: कागदपत्रे पूर्ण आहेत, आणि विनाकारण डावललेले म्हणणे खरे धरले तर अपंगत्व सिद्ध होते, असे दिसले की थेट भत्ता. पण तिथेही तो अपवादच.

या फेऱ्यात वर्षे जातात. पगारातून भरलेल्या विम्यावर ज्यांचा हक्क उभा आहे, त्यांचे विमासंरक्षण काम सुटल्यावर साधारण पाच वर्षांत संपते. मग फेरसुनावणीत आजची पाठ दाखवून भागत नाही. संरक्षण संपले त्या दिवशी ती कशी होती, ते सिद्ध करावे लागते. तोवर तेव्हाचे डॉक्टर निवृत्त झालेले असतात.

कागद खरोखर अपुरे असतील तर प्रकरण जरूर परत जावे, पण मुदत घालून आणि दुसऱ्या न्यायाधीशाकडे. पुन्हा तीच चूक दिसली तर आधी भत्ता सुरू करावा. खात्याला पुढे काय सिद्ध करायचे ते त्याने नंतर सावकाश करावे.