मायचा अंगठा

एक कागद असतो. त्यावर माय अंगठा देते आणि लेकरू तिचं राहत नाही. बालन्याय कायदा, 2015. लेकरू सोपवून दिल्याचा कागद. फेरविचाराला दोन महिने. मग बालकल्याण समिती शिक्का मारते : दत्तकासाठी कायदेशीर मोकळं. मोकळं कोणापासून? मायपासून.

हा अंगठा निदान तिचा असतो. दुसऱ्या रकान्यांत तोही लागत नाही. 'अयोग्य पालक'. 'भेटायला कुणी येत नाही'. सहा वर्षांवरची अशी पोरं परक्या घरी वाढवायला द्यायची सोय केंद्राच्या 2024 च्या प्रतिपालकत्वाच्या मार्गदर्शिकेत आहे. दोन वर्षं झाली की तेच घर दत्तक मागू शकतं. आधी पाच वर्षं थांबावं लागे. दत्तकाचा हुकूमही 1 सप्टेंबर 2022 पासून कोर्टाऐवजी कलेक्टरच्या टेबलावरून निघतो. सगळं झपाट्यानं. असू द्या. पण हा झपाटा मायच्या दारापर्यंत काहून येत नाही?

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमच्या वस्तीतली एक बाई ठेकेदाराकडं पॅकिंग करते. नवरा सोडून गेला. पोरगं संस्थेत ठेवलं, कारण बारा तासांच्या पाळीत त्याला पाहणारं कुणी नाही. भेटायला जावं तर दिवसाची हजेरी बुडते. दोन महिने गेली नाही, तर तिथला माणूस म्हणाला, "तुम्हाला लेकराची माया नाही."

ती मला म्हणते, "माया हाये ना बा. सुट्टी नाही."

लिहा ना हे रकान्यात! सुट्टी नाही. पाळणाघर नाही. कारखाने कायद्यात तीसहून जास्त बाया असल्या की पाळणाघर लिहिलेलं होतं. ठेकेदाराच्या वहीत तीस बाया कधी भरल्याच नाहीत.

बाबासाहेबांची माय लहानपणीच गेली. पाठीत वाकलेल्या मीराआत्यानं त्यांना वाढवलं. आजच्या साहेबानं ते घर कोणत्या रकान्यात टाकलं असतं? आणि 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या बिलावर बाबासाहेब काय बोलले? बाळंतिणीला विसावा देणं देशाच्या हिताचं, त्याचा मोठा भार सरकारनं उचलावा. सरकारनं माय-लेकरात यायचं ते भार उचलायला. कात्री घेऊन नाही.

दत्तकाला माझा विरोध नाही. जोतिबा-सावित्रीनं यशवंताला पोटाशी धरलंच. पण त्याआधी त्याच्या विधवा मायला आसरा दिला होता. क्रम ध्यानात ठेवा : आधी मायला छप्पर, मग दत्तक.

आणि जो बाप दारू पिऊन पोराची हाडं मोडतो, पोरीवर हात टाकतो, त्याची दोरी कापलीच पाहिजे. आपल्या जातीचा म्हणून त्याच्या बाजूनं उभं राहायचं नाही. पण गरिबी म्हणजे मारहाण नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी 2009 सालीच सांगितलं, की निव्वळ गरिबीपायी लेकरू मायपासून तोडता येणार नाही.

कार्यकर्त्यांनो, घरीच राहणाऱ्या गरजू लेकरासाठी मिशन वात्सल्यात महिना 4000 ची मदत आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत 2023 पासून 2250 आहेत. वस्तीतल्या किती मायांना ठाऊक? जयंतीचे बॅनर लावता त्याच भिंतीवर हे आकडे लिहा. समितीपुढं मायसोबत जा. अंगठ्याआधी कागद तिला वाचून दाखवा. दोन महिन्यांची तारीख तिच्या दारावर खडूनं लिहा.

आणि समितीला म्हणा, 'अयोग्य' लिहिण्याआधी तिला काय काय दिलं ते लिहा. तो कागद कोरा निघाला, तर अयोग्य कोण, ते आम्ही लिहू.

जयभीम.