इसारानंतरची दलाली

उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावात एखादा शिंपी वा दुकानातील नोकर जुने घर विकत घ्यावयास निघतो, तेव्हा किमतीची घासाघीस महिनोन्महिने चालते. कर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाच्या मोबदल्याचा उच्चार मात्र पुष्कळदा इसार दिल्यानंतर, खरेदीखताची तारीख ठरल्यानंतर होतो. व्यवहार मोडल्यास इसार बुडण्याचे भय असते. म्हणून त्या क्षणी मागितलेली दलाली ही सेवेची नव्हे, अडलेपणाची किंमत होय. १० लाखांच्या कर्जातून २ टक्के वळते झाले, तर हाती ९ लाख ८० हजार पडतात. व्याज मात्र पूर्ण १० लाखांवर चालते. शिवाय कर्ज देणाऱ्या संस्थेकडूनही मध्यस्थाला अनेकदा कमिशन मिळतेच.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जापूर्वी सर्व खर्च दाखविणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते, ते समजावून सांगावे लागते आणि विचारासाठी किमान ३ कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. पत्रकात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून बँकेला आकारता येत नाही. परंतु हे बंधन बँकेवर आहे, रोख रक्कम घेणाऱ्या दलालावर नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याची दलाल-नोंदणीही नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरतीच आहे. गावातील जुने घर तिच्या कक्षेबाहेर राहते.

केवळ कागदाने ऋणकोचे रक्षण होत नाही, हा धडा जुना आहे. १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी झालेल्या १८७९ च्या कायद्याने गावनिबंधकासमक्ष रोखे करण्याची तरतूद केली. धनको आणि ऋणको यांच्यामध्ये तिसरा माणूस हवा, हे परकीय सत्तेलाही मान्य करावे लागले.

आज ते काम कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले पाहिजे. इसारापूर्वीच दलालीची रक्कम लेखी ठरवून घ्यावी. कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळेल, हे कलम इसारपावतीत घालावे. पत्रकाचे ३ दिवस कर्जदारासोबत बसून त्यातील प्रत्येक ओळ वाचावी, आणि पावतीवाचून एक पैसाही देऊ नये. त्याबरोबरच कर्जाच्या प्रत्येक मध्यस्थाला नोंदणी व मोबदल्याची मर्यादा लागू करावी, ही मागणी शासनापुढे सातत्याने मांडली पाहिजे. अडलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे, हे तत्त्व कायद्यात येईपर्यंत ही चळवळ थांबता कामा नये.