नकली गिरणी, खरे माग

भिवंडीत महामार्गालगत नव्यानं उघडलेल्या एका रेस्टॉरंटात या आठवड्यात जेवलो आणि राग अजून उतरलेला नाही. भिंतीवर विटांचं चित्र छापलेला कागद, छताखाली काळे पाइप ज्यांतून काहीच वाहत नाही, दाराशी सोनेरी रंग दिलेलं दातेरी चाक. थाट सगळा बंद पडलेल्या कापडगिरणीचा. आणि हे भिवंडीत, जिथे गल्लीबोळांतल्या गाळ्यांत यंत्रमाग आजही दोन पाळ्यांत खटखटतात! मेन्यूत पनीर टिक्का, शेजवान राइस, पास्ता, नाचोज. हे जेवण नागपुरात किंवा नाशकात मिळालं असतं तरी एका घासाचाही फरक पडला नसता.

हा थाट लोअर परळचा. तिथे तो शोभतो, कारण तिथल्या भिंती खऱ्या आहेत. 'द बॉम्बे कॅन्टीन' हे रेस्टॉरंट २०१५ साली कमला मिलच्या आवारात सुरू झालं, 'मास्क' २०१६ मध्ये महालक्ष्मीच्या श्री लक्ष्मी वुलन मिलमध्ये. उंच छतं, रुंद शेड, भरपूर उजेड ही सगळी मागांसाठी केलेली सोय होती. पुढे ती जेवणाऱ्यांच्या कामी आली. या जागा रिकाम्या कशा झाल्या हे भिवंडीकरांना मी सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कापडाचं काम त्याआधीच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे सरकू लागलं होतं, संपानं त्याला वेग दिला. परळची शेड रिकामी झाली आणि भिवंडीचा गाळा भरला. त्याच भिवंडीनं आता परळच्या रिकाम्या शेडची नक्कल करावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र परळकडून जरूर शिकावी, आणि ती आगीची आहे. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमधल्या गच्चीवरच्या रेस्टोपबमध्ये आग लागून १४ जण गेले. तेव्हापासून कुठल्याही देखण्या जागेत शिरलो की मी आधी बाहेर पडायचा रस्ता शोधतो. महामार्गावरच्या या रेस्टॉरंटात मागच्या दाराशी थंड पेयांचे क्रेट रचून ठेवले होते. असं दिसलं तर वाचकांनी तिथे बसूच नये.

आता खरा मुद्दा. भिवंडीत दुसरीही एक खाण्याची जागा आहे, जिचं नाव कुठल्याच 'आवर्जून जावं' यादीत येत नाही: बिसी. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणातून आलेला एकटा माणूस बारा-बारा तास मागावर उभा राहतो आणि महिन्याच्या हिशेबानं बिसीत दोन वेळचं जेवतो. खोली लहान, बसायला जमीन, ताट स्टीलचं. पण बिसी माणसाच्या मुलखाप्रमाणे ठरते. एकीत शिरताच मोहरीच्या तेलाचा वास येतो, दुसरीत आमटीला चिंच चढलेली असते. रांधणारीला ठाऊक असतं की कोपऱ्यातल्या माणसाला भात जास्त लागतो आणि दाराजवळच्याला तिखट सोसत नाही. गिरणगावातल्या खानावळी अशाच होत्या. कोकणातून, घाटावरून आलेल्या बायका चार भिंतींत गिरणी कामगारांना जेवू घालत. त्यांना सावकाराच्या हातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. परळच्या जेवणाचा इतिहास सांगताना खानावळ वगळून थेट कॉकटेलवर येणारे लेख मला वाचवत नाहीत.

बिसी आणि 'मास्क' यांना शेजारी ठेवून पाहा. 'मास्क'मध्ये आपण पदार्थ निवडत नाही. स्वयंपाकघर ठरवेल ते एकामागून एक येतं. बिसीतही निवड नसते. 'मास्क'चे पहिले शेफ प्रतीक साधू काश्मीरचे, आणि सुरुवातीच्या पानात त्यांनी हिमालयातले जिन्नस आणले. बिसीतली बाईही आपल्या मुलखाचीच चव रांधते. दोन्हीकडे समोर आलेलं अन्न कुठलं आणि कुणाच्या हातचं, हे कळतं. २०२३ मध्ये आशियातल्या सर्वोत्तम ५० रेस्टॉरंटांच्या यादीत भारतातलं सर्वांत वरचं म्हणून 'मास्क'चं नाव आलं, ते मला याच कारणासाठी पटलं. किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि बिसीतल्या माणसाला ती निवड गरिबीनं करावी लागते हे मी विसरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, तशा बिस्याही थांबल्या. दोन वेळच्या जेवणाचा आधार गेला आणि माणसं नाशिकच्या रस्त्यानं गावाकडे चालत निघाली. तरीही स्वयंपाकाच्या प्रामाणिकपणात ही दोन टोकं एकमेकांजवळ आहेत आणि महामार्गावरची नकली गिरणी दोघांपासून दूर.

भिवंडीला काय कमी आहे? जुन्या कोकणी मुसलमान घरांतलं तांदळाच्या रव्याचं सांदण आणि मटणाचा रस्सा. मोमीन मोहल्ल्यातली थंडीतली पहाटेची निहारी, मोहरमचा खिचडा. काल्हेर-कशेळीच्या आगरी घरांतली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. पद्मानगरातल्या तेलुगू विणकरांकडे संक्रांतीला होणारे, तीळ-ओवा घातलेले तांदळाच्या पिठाचे सकिनालु. एवढी स्वयंपाकघरं एका गावात नांदत असताना देखण्या खोलीत बसवून आम्हाला नाचोज का खायला घालता? माहीमच्या 'दिवा महाराष्ट्राचा' या रेस्टॉरंटबद्दल मागे लिहिलं तेव्हाही हेच म्हणालो होतो: आपलं जेवण नीट मांडलेल्या टेबलावर आलं तर लोक येतात.

आणि तांदूळ. नेहमीचे वाचक म्हणतील, आला हा तांदळावर. येणारच! भिवंडीहून वाड्याला रस्ता जातो. त्या वाड्याच्या कोलमला, ज्याला आपण झिणी म्हणतो, २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बारीक दाणा, शिजल्यावर मऊ, वरणाशी असा दुसरा तांदूळ नाही. पण वाड्याच्या इतक्या जवळ असलेल्या या रेस्टॉरंटच्या मेन्यूत लिहिलंय 'स्टीम्ड राइस'. कुठला राइस, ते वेटरला माहीत नव्हतं. चीज कुठल्या देशाचं ते मात्र छापलेलं होतं. ज्या हॉटेलाला आपल्या तांदळाचं नाव सांगता येत नाही त्याच्या बाकीच्या जेवणावरही माझा विश्वास बसत नाही. हे फार कठोर वाटलं तर वाटू दे.

पद्मानगरातून एका वाचक ताईंनी विचारलंय की सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला भिवंडीतून परळपर्यंत जाणं सार्थकी लागेल का. ताई, 'बॉम्बे कॅन्टीन'ला दुपारी जा. संध्याकाळी गर्दी आणि आवाज दोन्ही वाढतात, आणि वडीलधाऱ्यांना बोलताही येत नाही. ठाण्यापर्यंत गाडीनं जाऊन पुढे लोकलनं करी रोडला उतरा, म्हणजे भिवंडीपासूनची वाहतूक निम्मीच सोसावी लागेल. टेबल आधी सांगून ठेवा, सासऱ्यांना जिना कमी चढावा लागेल असं बघा. आणि मेन्यूतला एक तरी भाताचा पदार्थ मागवून तांदूळ कुठला ते विचारा. तिथे जे उत्तर मिळेल ते मला कळवा, मी छापेन.