काय बघून आलात?

पूर्वी मी चिठ्ठीवर औषधांच्या खाली न चुकता एक ओळ लिहायचो : "रोज ४५ मिनिटे चालणे". पेशंट मान डोलवायचा, चिठ्ठी घडी करून खिशात टाकायचा आणि पुढच्या वेळी शुगर आहे तिथेच किंवा थोडी वर. आता ती ओळ मी लिहीत नाही. त्याऐवजी तपासायला आलेल्या माणसाला विचारतो, "या आठवड्यात काय बघून आलात?" बरेच जण आधी गोंधळतात. एकाने तर सिनेमाचं नाव सांगितलं.

हा बदल घडवला एका निवृत्त गुरुजींनी. मुलाने पुण्याहून मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं होतं. रोज दहा हजार पावलं झाली पाहिजेत असा मुलाचा हुकूम. गुरुजी शिस्तीचे. आकडा भरला नाही तर रात्री अकरा वाजता घरातल्या हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या. बायकोची झोप मोडायची, गुरुजींचा गुडघा दुखायचा. महिन्याभरात घड्याळ कपाटात गेलं आणि चालणं पूर्ण बंद. "नऊ हजार चालूनसुद्धा नापासच की हो मी," असं म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क दिलेल्या माणसाला ते फारच लागलं होतं.

दहा हजार या आकड्याची गंमत मी त्यांना सांगितली. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलं मोजणारं. नाव चाललं, आकडा जगभर चिकटला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. अशा अभ्यासात एक अडचण असतेच, जी मुळात तब्येतीने बरी तीच जास्त चालते. तरी गुरुजींना नापास करायचं कारण मला त्यात दिसलं नाही.

मग आम्ही ठरवलं, आकडा सोडायचा. संध्याकाळी गावाबाहेर जायचं आणि येताना एक तरी गोष्ट बघून यायची.

बार्शीत हे अवघड नाही. गाव संपलं की लगेच काळी माती लागते. या दिवसांत ज्वारी छातीपर्यंत आलेली, तुरीच्या शेंगा वाळत आलेल्या, मध्येच करडईचा काटेरी पट्टा. तारेवर वेडा राघू बसलेला असतो. एक उडी मारून किडा पकडतो आणि बरोबर त्याच जागी परत येतो. नाव वेडा ठेवलंय, पण आपल्यापेक्षा नेमाने व्यायाम करतो. कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करतो. पाखरं राखायला मचाणावर उभं राहिलेलं एखादं पोर गोफण फिरवता फिरवता आपल्यालाच आवाज देतं, "काका, कुठं निगालाव?" या प्रश्नाला उत्तर नसणं हीच त्या फेरफटक्याची मजा आहे.

आमच्या गावाला संथ चालीची परंपराच आहे म्हणा. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला छोटी गाडी आली, अडीच फूट रुळांची, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने आखलेली. पुढे तीच एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली. जुनी माणसं सांगतात, चालत्या गाडीतून उतरून शेतातल्या शेंगा तोडायच्या आणि मागच्या डब्यात चढायचं. खरं किती आणि तिखटमीठ किती ते भगवंतालाच माहीत. पण माझ्या मते त्या वेगाने जाणाऱ्या माणसाला बाहेरचं काहीतरी दिसत तरी असणार.

गुरुजी आता माझ्याकडे येतात तेव्हा आधी बातम्या सांगतात, मग रिपोर्ट काढतात. उन्हाळ्यात टिटवीने त्यांच्या डोक्यावर झेप घेतली होती, तेव्हा ते धावले. "धावलो डॉक्टर, तीस वर्षांनी!" हे सांगताना त्यांना गुडघा आठवलासुद्धा नाही. गंमत पाहिली म्हणून शुगर उतरते असं मी म्हणणार नाही. शुगर उतरते ती पायांच्या स्नायूंमुळे, चालताना ते रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी फरक दिसतो. गंमतीचं काम वेगळं, ती माणसाला उद्या परत घराबाहेर काढते. गोळीला हे जमत नाही, आणि माझ्या त्या ओळीला तर मुळीच जमलं नव्हतं.

एकदा मात्र हाच सल्ला माझ्यावर उलटला. सवयीने एका शेतमजूर बाईंना म्हणालो, "थोडं चालत जा." त्या हसल्या. "दिसभर खुरपं हातात असतंय डॉक्टर, अजून कुठं चालू?" बरोबरच होतं. चालण्याचा सल्ला आम्ही बसून काम करणाऱ्यांसाठी तयार केला आणि सगळ्यांना वाटत सुटलो. त्यांना गरज होती ती दुपारी पाय लांब करून बसायची. ते चिठ्ठीवर लिहून देता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आणि एक जण शिवारातून आले ते तळव्यात बाभळीचा काटा घेऊन, तोही चार दिवस जुना. दुखलंच नाही म्हणाले. मला काळजी वाटली ती याच वाक्याची. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, काटा मोडतो, पू होतो, आणि वेळेवर दिसलं नाही तर बोट किंवा पाय गमवावा लागतो. त्यांचं थोडक्यात निभावलं. तेव्हा पायात चप्पल नको, बंद बूट हवा, आणि घरी आल्यावर दिव्याखाली तळवे बघायचे. स्वतःला दिसत नसतील तर नातवाला बघायला लावा, त्याला पाच रुपये द्या. चढावर छातीत दाटून आलं, हाताला किंवा जबड्याला कळ गेली तर ते 'गॅस' समजून घरी जाऊन झोपायचं नाही, तिथूनच दवाखाना गाठायचा. थंडीत दमेकऱ्यांनी आणि हृदयाच्या पेशंटनी पहाटेची हौस करू नये, ऊन पडू द्यावं.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : हुरडा चालेल का? अहो, हुरडा म्हणजे ज्वारीच, फक्त कोवळी. खा, पण जेवण म्हणून खा, हुरडा झाल्यावर वर भाकरी-पिठलं नको. शेंगदाण्याची चटणी, दही चालेल. गुळाचा खडा मात्र तोंडात टाकण्याआधी माझा चेहरा आठवा.

परवा गुरुजींचा फोन आला, रविवारी एका शेतावर आगटी पेटवणार आहेत, या म्हणाले. मी म्हटलं, दवाखान्यात गर्दी असते, वेळ मिळत नाही. पलीकडून मास्तरांचाच आवाज आला, "डॉक्टर, गेल्या आठवड्यात तुम्ही काय बघून आलात?"

रविवारी जातोय.