विश्लेषण : रात्री ‘पाहणाऱ्या’ कॅमेऱ्यांना चीनच्या निर्बंधांचा फटका का बसतो?

चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम व जर्मेनियम, सप्टेंबर २०२४ पासून अँटिमनी, तर फेब्रुवारी २०२५ पासून टेल्युरियम आणि इंडियमच्या काही उत्पादनांना निर्यात परवान्याची अट लागू केली. क्षेपणास्त्रे आणि दूरवरच्या टेहळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या थंड इन्फ्रारेड डिटेक्टरचे तिन्ही प्रमुख प्रकार याच यादीतील मूलद्रव्यांवर अवलंबून आहेत.

डिटेक्टर थंड का ठेवतात?

उष्ण वस्तूतून निघणारे इन्फ्रारेड किरण अत्यल्प ऊर्जेचे असतात. तेवढ्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन सुटेल असा पदार्थ निवडला, की खोलीच्या तापमानालाही त्यातून इलेक्ट्रॉन आपोआप सुटू लागतात आणि चित्र या गोंगाटात हरवते. म्हणून डिटेक्टर साधारण ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड करतात. स्वस्त थर्मल कॅमेऱ्यांना अशा कूलरची गरज नसते. मात्र ते संथ असतात आणि दूरच्या, वेगवान लक्ष्यासाठी कमी पडतात.

तीन पर्याय कोणते?

इंडियम अँटिमोनाइड हे सर्वात रुळलेले तंत्र. चित्र एकसारखे येते, पण त्याची नजर साडेपाच मायक्रॉनच्या आसपास संपते. मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा (एमसीटी) शोध १९५९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. कॅडमियमचे प्रमाण बदलले की हा पदार्थ हव्या त्या तरंगलांबीला जुळवता येतो. संवेदनशीलतेत तो आजही वरचढ आहे; बनवायला मात्र कमालीचा कटकटीचा. पारा सहज उडून जातो, स्फटिक नाजूक असतो, आणि ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात प्रमाण किंचित चुकले तरी चित्रावर डाग दिसतात. तो ज्या कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या चकतीवर वाढवतात, तीही महाग.

तिसरा पर्याय सुपरलॅटिसचा. इंडियम आर्सेनाइड आणि गॅलियम अँटिमोनाइडचे काही नॅनोमीटर जाडीचे थर एकावर एक रचायचे, ही कल्पना १९७७ ची. २००६ मध्ये मांडलेल्या ‘एनबीएन’ रचनेमुळे अँटिमनीवर आधारित मध्यम पट्ट्यातील डिटेक्टर १५० केल्विनच्या आसपासही चालू लागले. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. कूलरमध्ये हलणारे भाग असतात आणि ते झिजतात. काम हलके झाले की कूलर लहान होतो, वीज कमी लागते, आयुष्य वाढते.

निर्बंधांचा फटका कुठे?

डिटेक्टरच्या चिपला धातू नगण्य लागतो, त्यामुळे साठा करून काही काळ निभावता येईल. जर्मेनियमच्या जाड भिंगांचे तसे नाही. तेथे चाल्कोजेनाइड काचेचा पर्याय आहे, तरी भिंगाची रचना नव्याने करावी लागते. भारतात ‘डीआरडीओ’ची दिल्लीतील सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरी एमसीटीवर दीर्घकाळ काम करत आहे. तिच्यासमोरची खरी अडचण धातू मिळवण्यापेक्षा प्रत्येक चकतीवर तोच दर्जा टिकवण्याची आहे.